टोपलीचा तळ

गुढीपाडव्याला सोलापुरातली नवी खाऊगल्ली उघडली, आणि सोनाक्का म्हेत्रे जन्मात पहिल्यांदा भाकरीच्या पलीकडच्या बाजूला बसली.

अलीकडची बाजू तिची. धुराची, काठवटीची, पिठाच्या मनगटाने कपाळावरचे केस मागे सारायची. त्या बाजूला बसून जुन्या खाऊगल्लीत तिने उभा जन्म भाकऱ्या थापल्या. आता ती गल्ली राहिली नव्हती. पत्रे गेले, गटार झाकलं गेलं, वर ऊन गाळून घेणारं काचेचं छत आलं. त्याखाली गार सावलीत ओळीने काउंटर मांडले होते, आणि त्यांच्यावर हॉटेलांची नावं नव्हती, माणसांची होती. ‘पीरसाहेबांचा हात’. ‘नरसम्मांचा हात’. ‘सोनाक्कांचा हात’. आत शिरणारे लोक एकमेकांना विचारत होते, “आज कुणाच्या हातचं?”

सोनाक्काच्या नावाखाली, काचेमागे, दोन हात भाकरी थापत होते. मऊ, गव्हाळ, कोपरापासून पुढचेच. खांदा नाही, मान नाही, कपाळ नाही.

“बाई गं,” सोनाक्का पुटपुटली. “करंगळी बग कशी उचलती. माझ्यासारखीच.”

“तुझीच आहे ती, आक्का,” महानंदा म्हणाली. महानंदा तिची लेक. पण सगळी गल्ली आईला आक्का म्हणायची, म्हणून लेकही आक्काच म्हणायची. या काउंटरच्या देखरेखीचं काम खाऊगल्ली चालवणाऱ्या कंपनीने महानंदालाच दिलं होतं. तिने ताट आणून आईपुढे ठेवलं. पातळ भाकरी, शेंगाचटणी, भरलं वांगं, कांद्याची फोड.

सोनाक्का ताटाकडे बघत राहिली. “आपल्याच हातचं आपण पाव्हण्यासारखं कसं खायचं गं?”

“खा की. आजवर सगळ्यांना वाढलंस.”

तिने तुकडा मोडला, चटणीला लावला, तोंडात घातला. डोळे मिटले. महानंदाचा जीव त्या मिटल्या पापण्यांत अडकला.

“माझीच हाय,” सोनाक्का म्हणाली. मग तांब्या वर धरून, ओठ न लावता, उंचावरून पाण्याची धार घशात सोडली. टेबलावरचा पेला तिने हातातही घेतला नाही. जन्माची सवय, उष्टं भांडं तिला चालत नसे.

तेव्हा त्या पेल्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

*

विज्ञान तसं समजायला सोपं होतं. माणसाच्या तळहातावर डोळ्यांना न दिसणारी एक वस्ती असते. कोट्यवधी सूक्ष्मजीव, आणि कुठल्याही दोन हातांवरची वस्ती सारखी नसते. जन्मलेल्या गावाची माती, धुतलेली भांडी, कडेवर घेतलेली पोरं, सगळ्यांनी मिळून ती वसवलेली असते. पीठ मळताना ही वस्ती पिठात उतरते. ओल्या पिठात थोडा वेळ मुक्काम करते आणि किंचित आंबूस, किंचित गोड असं काही मागे ठेवून जाते. त्यात तळव्याची ऊब मिसळते, बोटांचा दाब मिसळतो, हात कुठे थांबतो आणि कुठे घाई करतो तेही मिसळतं. आयाबाया ज्याला हाताची चव म्हणत आल्या, ती ही. शास्त्रज्ञांनी ती आधी मोजली, मग वाढवली. मऊ कृत्रिम तळवे केले, त्यांना अंगाची ऊब दिली आणि त्यांच्यावर एकेका माणसाची वस्ती नेऊन वसवली.

सोनाक्काचा हात घेतला तो गेल्या संक्रांतीनंतर. ‘हात घेणं’ असंच सगळे म्हणायचे. काचेच्या खोलीत काठवट मांडून तिला बसवलं. तळव्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पातळ मोजे चढवले. हे काम बघणारे श्रीनिवास गड्डम याच गावातले, साखर पेठेत वाढलेले. ते म्हणाले होते, “आक्का, गल्लीत तुम्ही गात गात थापायच्या. तसंच गावा की इथं.”

सोनाक्का लाजली होती. भाकरी थापताना ती ओव्या म्हणायची हे खरं. पण त्या ओव्या धाकट्या बहिणीच्या, ताराच्या नावाच्या. तारा मंगळवेढ्याला दिलेली. आईबाप लवकर गेले, तेव्हा ताराचं माहेर म्हणजे आक्काची चूल.

*थापते मी भाकरी, बोटं उठती पाठीवरी*
*धाकली माझी तारा, वाट बघते दारावरी*

“काचेमागं कोण गातं?” ती म्हणाली होती. “माणसं बगत्यात.” आणि मुकाट्याने भाकऱ्या थापल्या. हात घेतला गेला तो असा, मुका.

*

पहिले महिने चांदण्यासारखे गेले. सोनाक्का म्हातारी झाली होती, गुडघे धरत होते. कंपनीने तिला कायमचं ताट लावून दिलं होतं. दुपारी ती खाऊगल्लीत यायची, आपल्याच काउंटरसमोर बसायची, जेवायची. ओळखीचे लोक पाया पडायचे. जुना रिक्षावाला इस्माईल रोज थट्टा करायचा.

“आक्का, आता तुम्हाला मरायची चोरी नाही. हात इथंच राहणार.”

“तुला फुकट वाढायला व्हय रे?” ती म्हणायची. “उधारीला बी तो हात पाठ दावतो म्हणं.”

सगळे हसायचे. तीही.

श्रावणातल्या एका बुधवारी खाऊगल्ली दुरुस्तीला बंद होती. सोनाक्काने सकाळीच चूल पेटवली. गॅस असताना परसातली चूल. किती दिवसांनी परातीवर थापांचा आवाज आला. महानंदा अंघोळ करून आली तर आईने पाट मांडलेला, ताट वाढलेलं.

“बस. ऊन ऊन खा.”

महानंदाने घास घेतला.

तिने काही ठरवलं नव्हतं. पण जीभ आपली मालकीण असते. घास तोंडात गेला आणि तिच्या भुवया जवळ आल्या, एवढ्याशा, पापणी लवावी एवढ्याशा. भाकरी जड वाटली. पिठूळ. मागे कसलीशी कडवट झाक. लगेच तिने चेहरा सरळ केला, दुसरा घास मोठा घेतला, “वा” म्हणाली.

सोनाक्का तव्यापाशी उकिडवी बसून तिच्याकडेच बघत होती. वाढणारी बाई पहिल्या घासाला ताटाकडे बघत नाही, तोंडाकडे बघते.

“तिच्यासारखी नाही झाली ना?” तिने विचारलं.

“कुणाच्या?”

“तिच्या.” सोनाक्काने खाऊगल्लीच्या दिशेला मान केली. मग स्वतः एक तुकडा मोडून खाल्ला. चावत राहिली. “न्हाई झाली,” ती म्हणाली. “हात बिघडला माझा.”

“असं काय बोलतीस आक्का? पीठ जुनं असेल.”

“पीठ तेच हाय. मीच जुनी झाले.”

त्या दिवसापासून ती खाऊगल्लीत जेवायला जायची ती जेवायला म्हणून नाही. काचेला नाक लावून उभी राहायची. आतल्या हातांकडे बघून आपली बोटं हवेत हलवायची. घरी येऊन तसं करून बघायची, आणि एकटीच चाखून, एकटीच मान हलवून, सगळं शेजारच्या म्हशीला घालायची. शिकाऊ सून सासूच्या हाताकडे बघते तसं ती त्या हातांकडे बघू लागली. त्यांना आता ती ‘माझे’ म्हणत नव्हती. ‘ती’ म्हणायची. “ती पाणी कमी लावती.” “ती कडेला दाबत न्हाई.”

एकदा हौसेने चार भाकऱ्या इस्माईलसाठी खाऊगल्लीत घेऊन गेली. त्याने त्या टेबलावर सगळ्यांच्या देखत खाल्ल्या आणि जुन्या सलगीने म्हणाला, “आक्का, काउंटरवरची तुमच्या हातची लई भारी लागती. घरी मन लावून करत नाही व्हय?”

बिचारा थट्टाच करत होता. पण सोनाक्काने फडकं घडी केलं, कमरेला खोचलं, आणि त्यानंतर चूल पेटवली नाही.

ज्या हातांना जन्मात सवड नव्हती ते हात आता तिच्या मांडीवर पडलेले असायचे. ओव्याही गेल्या. हात हलेल तर ओवी येईल. विहिरीचं पाणी रहाटाशिवाय कसं वर येणार? महानंदा रात्री जेवताना दोघींची ताटं खाऊगल्लीतून घेऊन यायची. आई मुकाट्याने खायची आणि म्हणायची, “चांगली करती हो ती.”

*

दिवाळी झाल्यावर महानंदा गड्डमांच्या खोलीत गेली. खाऊगल्लीच्या माडीवर त्यांची छोटी प्रयोगशाळा होती.

“सर, आक्काचा हात बिघडलाय का हो?”

गड्डमांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मग त्यांनी तिला बसायला सांगितलं.

“तिचा नाही,” ते म्हणाले. “आपला.”

मग त्यांनी तिला पेल्याचं सांगितलं. खाऊगल्लीतल्या प्रत्येक पेल्याच्या काठाला एक पट्टी होती. माणूस पाणी प्यायला की त्याच्या लाळेवरून पट्टीला कळायचं, घास किती रुचला. काचेमागचा हात ते ऐकायचा आणि दुसऱ्या दिवशी केसभर बदलायचा. लोकांना जरा गोड हवं, केसभर गोड. जरा हलकं हवं, केसभर हलकं. तळव्यावरच्या वस्तीतले काही जीव वाढायचे, काही सरायचे.

“रोज केसभरच,” गड्डम म्हणाले. “म्हणून कुणाला कळलं नाही. पाडव्यापासून आत्तापर्यंत तो हात पार दुसऱ्याच गावाला पोचलाय. एक माणूस त्याला अडवू शकला असता. ज्याचा हात, त्याची जीभ. तिचा शब्द यंत्र सगळ्यात वर धरतं, तशी सोय मीच केलीय.”

“मग आक्का तर रोज जेवती इथं.”

“हौ. पण पाणी वरून पिती.”

महानंदाच्या डोळ्यांपुढे तांब्या आला, उंच धरलेला, आणि ती पांढरी धार. उष्टं नको म्हणून. रोज दुपारी आई तिथे बसली होती आणि यंत्राच्या लेखी कधी आलीच नव्हती.

“पण सर, तिला तरी कळायला हवं होतं. स्वतःचीच भाकरी.”

गड्डम खिडकीशी गेले. खाली ताटांचा आवाज येत होता. “आठवण दगडावरचं अक्षर नसती,” ते म्हणाले. “दारातल्या रांगोळीसारखी असती. आपण रोज सकाळी कालच्या पुसट रेघेवरून नवी काढतो आणि समजतो, तीच हाय. मेंदू जुनी चव बाहेर काढतो, आजच्या घासाशी ताडून बघतो आणि परत ठेवतो. ठेवताना आजचं थोडं तिला लागतंच. रोज घास केसभर सरकला, तर आठवण बी त्याच्यामागं केसभर सरकती. तुमची सरकली. त्यांची बी.”

“तुमची?”

“खाली नरसम्मांचा हात हाय ना,” ते म्हणाले. “ती माझी अम्मा. पहिला हात तिचा घेतला. ती गेली त्याच्या आधी. चाचणीला म्हणून मी रोज चाखला.” ते थोडे हसले. “आता सांगता येत नाही की अम्मा चिंचेचा भात कसा करायची. खाली जातो, खातो, वाटतं अस्साच. पण ते वाटणं कुणाचं हाय, मला माहीत नाही.”

महानंदा उठायला लागली तेव्हा त्यांनी विचारलं, “पाडव्याच्या आधीची एखादी वस्तू हाय का घरी? त्यांच्या हातची? त्यांचा आताचा हात घेऊन चालणार नाही, तो काचेमागच्याची नक्कल करायला लागलाय. मूळ वस्ती जपायला पाहिजे होती, ती जपली गेली नाही. जी होती तिच्यातूनच पुढची वाढत गेली. पण वाळलेल्या अन्नात काही जिवांचं बियाणं झोपून राहतं. भाजलं तरी मरत नाही. कडक भाकरी असली तर सोनं. तिच्यावर बोटांचे ठसे बी असतात, दाब वाचता येईल. मी हात परत लावून बघीन. अट एकच. आक्कांनी चाखून म्हणायला पाहिजे, की हा माझा हात. त्यांच्या शब्दाशिवाय यंत्र मागं फिरत नाही.”

“ती म्हणेल,” महानंदा म्हणाली. आईला चूल परत मिळेल, एवढंच तिला त्या क्षणी दिसत होतं.

*

कडक भाकरी म्हणजे या भागाची शिदोरी. कागदासारखी पातळ थापायची, तव्यावर शेकायची, मग निखाऱ्यापाशी उभी करून पार कडकडीत होऊ द्यायची. वर्ष वर्ष टिकते. गेल्या येळामावसेला, म्हणजे हात घ्यायच्या आधी, सोनाक्काने बांबूच्या टोपलीत अशा भाकऱ्यांची चळत रचून ताराकडे पाठवली होती. येळामावस हा शेतात जेवायचा सण. माहेरच्या शिदोरीशिवाय ताराला तो गोड लागत नसे.

महानंदा मंगळवेढ्याला पोचली तेव्हा मावशी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. शहराचं तिला वावडं. नवी खाऊगल्ली तिने पाहिलीही नव्हती.

“आक्का कशी हाय? गाती का अजून, का घसा गेला?”

“बरी आहे,” महानंदा म्हणाली. “मावशे, मागच्या वर्षीची टोपली कुठंय?”

मावशीने आढ्याकडे बोट केलं. टोपली दोरीने टांगलेली, वर धुतल्या लुगड्याचा तुकडा बांधलेला. खाली उतरवली. आत तळाशी एकच भाकरी होती.

“ही न्हाई खाल्लीस?”

“येडी का काय. माहेरची टोपली तळ दिसेस्तोवर खायची नसती. एक ठिवायची. नवी शिदोरी आली की मग जुनी खायची. न्हाईतर माहेर आटतं.” मावशी हसली, आणि शेंगा सोलता सोलता सहज म्हणाली:

*आक्काची गं शिदोरी, पुरवून पुरवून खावी*
*टोपलीच्या तळाला, माहेराची खूण र्‍हावी*

कितीतरी दिवसांनी महानंदाच्या कानावर ओवी पडली. तिने मावशीला सगळं सांगायचा प्रयत्न केला. वस्ती, पट्टी, केसभर सरकणारा हात. मावशी ऐकत राहिली. तिला एवढंच कळलं की आक्काने चूल सोडलीय.

“ने मग,” ती म्हणाली आणि टोपली महानंदाच्या मांडीवर ठेवली. “अख्खीच ने. पण आक्काला म्हणावं, येळामावस जवळ आली. टोपली रिकामी धाडू नको.”

*

खाऊगल्ली उघडायच्या आधी, कोवळ्या उन्हात, गड्डमांनी एक टेबल पुसून घेतलं. सोनाक्काला मधोमध बसवलं. समोर दोन ताटल्या ठेवल्या. एकीत काचेमागच्या हाताने केलेली कडक भाकरी, दुसरीत टोपलीतली अर्धी. उरलेली अर्धी गड्डमांनी बाजूला फडक्यात ठेवली होती, बी काढायला. कुठली कुणाची हे सोनाक्काला सांगितलं नव्हतं. नियमच तसा होता.

“आक्का, यातली तुमच्या हातची कुठली?”

“ही काय परीक्षा म्हणायची?” सोनाक्का म्हणाली. पण बऱ्याच दिवसांनी तिच्या आवाजात गंमत होती.

तिने पहिल्या ताटलीतला तुकडा खाल्ला आणि मान डोलावली. दुसऱ्या ताटलीतला तुकडा जिभेवर ठेवला. चावला. थांबली. महानंदाने खालून टेबलाचा काठ घट्ट धरला. आक्का, ओळख. तुझीच आहे. तुझ्या बहिणीने वर्षभर आढ्याला टांगून जपलीय.

सोनाक्काच्या भुवया जवळ आल्या. एवढ्याशा. पापणी लवावी एवढ्याशा.

“ही कुणा नवशिकीची,” ती म्हणाली. “हात जड हाय. पिठाला पाणी जास्त. ही माझी न्हाई.”

“परत एकदा खाऊन बघ, आक्का,” महानंदा म्हणाली. आवाज तिला सावरला नाही. “जरा नीट.”

सोनाक्काने परत खाल्लं नाही, पण लेकीच्या आवाजासाठी ती भाकरी हातात घेतली. उजेडाकडे धरली. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवतात, त्याचे माग भाकरीवर वाळून राहिले होते. तिने त्या मागांवरून बोट फिरवलं. एकदा. दोनदा. बोट एका जागी थांबायचं, मग पुढे जायचं, परत तेवढ्याच अंतरावर थांबायचं. तिचे ओठ हलले. शब्द आले नाहीत, पण ओळीच्या शेवटी श्वास घ्यावा तसा तिने तिथे तिथे श्वास घेतला.

“गात केलीय बग हिनं,” ती हळूच म्हणाली. “ओळ संपली की हात थांबलाय. हितं. आणि हितं.” तिने ठसा महानंदाला दाखवला. “भाकरी न्हाई जमली तिला. पण सुखी होती हो बाई.”

गड्डमांनी तोंड फिरवलं.

महानंदाला वाटलं, ओरडावं. ती बाई तू आहेस म्हणावं. तिने म्हटलंही. “आक्का, ही तूच केलेली. मागच्या येळामावसेला. मावशीच्या टोपलीतली आहे ही.”

सोनाक्काने लेकीकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. खोटं का होईना पण माया म्हणून बोललेल्या माणसाकडे बघावं तशी ती नजर होती.

“माझी कशी असंल?” तिने काचेमागच्या हातांकडे बोट केलं. “माझी तर तितं हाय की. सगळी दुनिया खाती. मीच खाती. मला कळंना व्हय?”

महानंदाने मग उरलेल्या अर्ध्या भाकरीचा तुकडा मोडून स्वतः खाल्ला. लहानपणी ताप उतरल्यावर पहिला घास असायचा तो शोधायला. तिने जीभ फिरवली, डोळे मिटले. शिळी ज्वारी होती. थोडी कडवट. त्यापलीकडे काही सापडलं नाही, आणि सापडलं नाही म्हणून तिला आईशी भांडताही येईना.

“सर, तुम्ही लावाच हा हात,” ती म्हणाली. “मी सांगते ना.”

“तुमचा शब्द चालत नाही, ताई,” गड्डम म्हणाले. “आणि लावला तरी काय? पहिल्या दिवसापासून लोक तोंड वाकडं करतील. पट्ट्या ऐकतील. हात परत इथंच येईल, केसभर केसभर.” त्यांनी फडक्यातली अर्धी भाकरी टोपलीत ठेवली, अलगद, झोपलेलं काही ठेवावं तशी.

सोनाक्काने ती उचलली, ताटलीतली अर्धीही घेतली. “तारीच्या टोपलीत शिळं कशाला?” आणि गुडघ्यावर हात टेकत ती फाटकापर्यंत गेली. फाटकाबाहेर रोजची गाय उभी होती. अन्न टाकायचं नसतं. उरलेलं गाईच्या मुखी घालायचं. तिने गाईच्या कपाळाला हात लावून नमस्कार केला आणि भाकरी पुढे धरली. महानंदाला धावायला हवं होतं. ती जागची हलली नाही. कशासाठी धावायचं, ते तिच्या जिभेला आता सांगता येत नव्हतं.

गाईने मात्र आवडीने खाल्ली. सोनाक्काचा तळवाही चाटून घेतला.

परत येऊन सोनाक्का काउंटरपाशी उभी राहिली. “अगं, ताराला येळामावसेची शिदोरी जायची. रिकामी टोपली धाडू नये. तिला सांग, चांगल्या पातळ कडक करून दे म्हणावं.” आणि काचेमागच्या हातांनी भाकऱ्या केल्या. एकसारख्या, चंद्रासारख्या, कुठेही न थांबता फिरलेल्या पाण्याच्या हाताच्या. सोनाक्काने स्वतः चळत रचली, वर फडकं बांधलं, गाठ मारली.

तेवढंच त्या दिवशी तिच्या हाताने केलं.

*

एस्टीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, कणसांत दूध भरलेली. टोपली महानंदाच्या मांडीवर होती. पुलावरून जाताना खाली भीमेचं पाणी दिसलं, आणि तिचा हात फडक्याच्या गाठीशी गेला. खिडकी उघडीच होती. जगात एकच जीभ उरली होती जिला खरं माहीत होतं, आणि ही टोपली त्या जिभेकडे चालली होती.

पण मग मावशीपुढे काय ठेवायचं? रिकामी टोपली? बहिणीने चूल सोडली, ओवी सोडली, आणि आता माहेरही आटलं, हे येळामावसेच्या दिवशी तिच्या पदरात घालायचं? पूल संपला. गाठ तशीच राहिली.

शेतात कडब्याची खोप उभारली होती. पूजा झाली होती, आंबिलीचं गाडगं, बाजरीचे वाफवलेले उंडे, शेंगा-भाज्यांची घट्ट भज्जी, सगळं मांडलेलं. मावशी कधीपासून बांधावर उभी होती. महानंदा दिसताच तिने टोपली घेतली, आणि सगळ्यांआधी, उभ्या उभ्याच, फडकं सोडलं.

“आक्कानं केल्या ना?”

महानंदा म्हणाली, “हो.”

“म्हंजी चूल पेटवली परत. मी म्हणत न्हवते?” मावशी खोपीच्या तोंडाशी बसली. पहिला तुकडा मोडला. कड्कन आवाज आला. तिने तो तोंडात घातला आणि डोळे मिटले.

महानंदा त्या मिटल्या पापण्यांकडे बघत राहिली. आता आठी पडेल. आता विचारील, ही कुणाची गं? विचार, मावशे. एकदा विचार.

मावशीने डोळे उघडले. त्यांत पाणी होतं.

“आक्काचा हात सुधारला गं,” ती म्हणाली. “इतकी वरसं खाल्ली. एवढी ग्वाड कधीच न्हवती केली तिनं.”

आणि ती खात राहिली. बोलत राहिली, हसत राहिली, भज्जीशी खाल्ली, चटणीशी खाल्ली, नुसतीही खाल्ली. नातवंडं आली, त्यांनी मोडून नेली, आणखी मागून नेली. ऊन खोपीवरून उतरलं तेव्हा मावशीचा हात टोपलीत गेला आणि तसाच थांबला. तिने आत पाहिलं. लाजून, पोरीसारखी तोंडावर पदर धरून ती हसायला लागली.

“बाई बाई, एकबी ठिवली न्हाई की मी. असं आजवर कधी झालं न्हवतं.”

तिने टोपली उलटी करून आपटली. भुगासुद्धा पडला नाही. बांबूच्या विणीतून पलीकडची ज्वारी दिसत होती, आणि मावळतीचं ऊन त्या विणीतून गळून मावशीच्या मोकळ्या तळव्यावर चौकटी चौकटींनी पडलं होतं.